चव नोंदवही

रोज पावणेबारा वाजता
कायद्याचा पहिला घास मी घेतो.
लेकरांच्या आधी अर्धा तास, असा नियम आहे.
काही व्हायचंच असेल तर आधी गुरुजीला व्हावं.
मग रकाने: दिनांक, पदार्थ, चव, सही.
चवीच्या रकान्यात गेली सहा वर्षं
मी एकच शब्द लिहितो: चांगली.

सेलूहून पत्र आलं,
झेरॉक्सची झेरॉक्स, अर्धी अक्षरं उडालेली:
शाळेपासून पन्नास मीटरच्या आत
जादा मीठ, साखर, तेलाचं काही विकलं जाऊ नये.
अहवाल दोन दिवसांत. सोबत फोटो.

ग्रामपंचायतीचा टेप तीस मीटरचा,
बाराव्या आकड्याशी तुटून गाठ मारलेला.
एक टोक धरलं सातवीतल्या मुंजाजीनं,
गणितात कच्चा, पण धरलेलं सोडत नाही.
दुसरं घेऊन मी चालत राहिलो
हातपंप, पिठाची गिरणी, बंद पडलेली डेअरी ओलांडून
चाँदपाशाच्या टपरीपर्यंत.
सेहेचाळीस.
गाठीत गेलेली दोन बोटं धरून.

"कुठून मोजलं गुरुजी?" चाँदपाशा म्हणाला,
"गेटापासून का भिंतीपासून?
मागची भिंत तर पडलेलीच हाय,
लेकरं तिकडूनच येत्यात."
मी पत्र पुन्हा वाचलं.
पत्रात भिंत उभी होती.

त्यानं वाद नाही घातला.
दुसऱ्या सकाळी चाकांखालच्या विटा काढल्या,
टपरी लिंबापल्याड ढकलली चार मीटर,
आणि वर एक पाऊल, माझ्या समाधानासाठी.
माळा तशाच लटकत राहिल्या,
लाल, पिवळ्या, हवेनं फुगलेल्या,
पाच रुपयांत मूठभर कुरकुर.
मधल्या सुट्टीत पोरं चार मीटर जास्त पळाली.
अहवालात लिहिलं: अंमलबजावणी झाली.
खोटं नव्हतं ते.

दुपारी शुद्धलेखनाच्या वह्या तपासतो
तर पानोपानी नारंगी ठसे.
दुर्पदाच्या वहीत 'आरोग्य' या शब्दावर
अख्खा अंगठा.

असाच अंगठा, पण निळा,
तिची आजी प्रयागबाई मानधनाच्या कागदावर देते,
मानधन येतं तेव्हा.
तीच रांधते शाळेत. तिलाच विचारलं,
नातीला पाकिटं काऊन खाऊ देता?
पळीनं तळ खरवडत म्हणाली,
"पोतं उघडलं की तांदूळच निघतो, गुरुजी.
ज्वारीच्या मुलखात बसून
मी रोज भाताचे खडे येचते.
इटलंय लेकरू. मीबी."

मंगळवारी तिनं घरून आणल्या ज्वारीच्या कण्या,
पदरात बांधून येसर,
आणि बांधावरची अंबाडी, दोन पाट्या भरून.
मला विचारलं नाही.
मी घास घेतला आणि
सही करायची विसरलो.
पोरं तिसऱ्यांदा ताट घेऊन उभी राहिली.
मुंजाजीनं धरलेलं सोडलं नाही.
पडक्या भिंतीतून चाँदपाशाही आला, स्वतःची वाटी घेऊन,
"टपरीवर कुणीच न्हाई," म्हणाला.
याची नोंद मी कुठंही केलेली नाही.

पण पदार्थाच्या रकान्यात खरं तेच लिहिलं.
शुक्रवारी तपासणी झाली. लाल शाईचा शेरा:
पाककृती मंजूर यादीत नाही.
मुख्याध्यापकांनी खुलासा करावा.

तर खुलासा लिहायला बसलोय.
संदर्भ लिहिला, विषय लिहिला, महोदय लिहिलं,
पुढं जमत नाही.
चवीचा रकाना बोटभर रुंद
आणि यादीत अंबाडीला अनुक्रमांक नाही.

प्रयागबाई दारात उभी आहे, हात पुसत.
पाण्याचा टँकर आज चौथ्या दिवशी आलाय.
"लई इचार करू नका," म्हणते,
"त्यायला एवढंच लिवा,
त्या दिवशी पातेलं घासायला
पाणी लागलं न्हाई."